तार सुटली तवा

आबा, आज तुमची जीप हलली. माझी पोरगी मागं होती. अजून अक्षर वाकडं येतंय.

तुमी गेल्यापासून जीप आईच्या दारात, कन्नडलाच, त्या उतारावर उभी हाय. शेवटचा हँडब्रेक तुमीच ओढला होता, दांडी तशीच वर. आतली तार गंजून आशी धरली की चाकं हलंनात. हे म्हणले, "शहागंजच्या बाजारातून नवी तार आणायच्या आधी जुनीच सुटती का बघू." सकाळपासून जीपखाली झोपून तारेच्या नळीत तेल सोडायलेत, ड्रमवर हातोडी मारायलेत. मी ड्रायव्हरच्या सीटवर. "ओढ. सोड. आगं, जेवली का नाय? जोर लाव की!" मी म्हणलं, "जेवले की, तुमच्या ताटात उरलं तेवढं." खालून हसले. आन् खट्. दांडी खाली पडली, जीप मागं सरकली. मी मान वळवली तर पोरगी चाकामागं मातीत बसून खड्डा उकरायली. पाय ब्रेकवर मारला, तो थेट बुडाशी गेला. मग धाडकन् जीप थांबली. पोरीत आन् चाकात वीतभर जागा. मी उडी मारून तिला ओढलं. हे बाहेर आले, तोंड पांढरंफक. "थांबली कशानं?" म्हणले. गवत बाजूला केलं तर दुसऱ्या चाकामागं, मातीत रुतलेला, तुमचा दगड.

आठवतंय, मी लहान हाय. वेरूळला जीप थांबती, मी मागून उडी मारती, चाकाला दगड लावती. सवाऱ्या हसत्यात, "मालक, हँडब्रेक इकला का?" तुमी म्हणता, "हँडब्रेक म्हंजी तार. तारेचा काय भरवसा?" एकदा मी सीताफळवालीपाशी रमले, दगड राहिला. तुमी सगळ्यांदेखत कानाखाली दिली. एका दगडापायी पोरीला मारतेत म्हणून मी लई दिवस तुमच्याशी बोलले नाय.

आज त्या दगडापाशी बसले. पोरगी मांडीवर, तिला सोडवंना. मी सासरी गेल्यावर दगड लावायला कोण होतं, हे मला कधी सुचलंच नाय. तुमचे गुडघे वाकत नव्हते. चप्पल घालायलाबी भिंत धरायचात. मग त्या दिवशी हँडब्रेक ओढून, खाली उतरून, तुमी एकटे वाकलात कसं आबा?

हे म्हणतेत, तार सुटली, उद्या जीप ढकलून रस्त्यावर घेऊ, तेवढा दगड काढ. मी व्हय म्हणलं. दोनदा जाऊन आले. हात पुढं होत नाय. तिथंच हाय अजून.