शेवटी तो काय म्हणाला

अण्णा,

यंदाही मी यादी केली. वर्षभरात पाहिलेल्या सिनेमांतले आवडते पाच आणि निराशा करणारे तीन. याची सुरुवात आमच्या कंपनीच्या बसमध्ये झाली. निगडीहून चाकणला जाताना तळेगाव चौकात बस रोज अडकायची आणि आम्ही सातआठ जण सिनेमांवरून भांडत बसायचो. एकदा कुणीतरी म्हणालं, "भावा, तू हे लिहीत जा राव." मी फोनवर लिहायला लागलो, लोक वाचायला लागले. आता डिसेंबर लागला की अनोळखी माणसं विचारतात, सर, यादी कधी? मी क्वालिटीला, माल तपासायला आहे, कंपनीत मला कुणी सर म्हणत नाही. त्यामुळे ते ऐकायला बरं वाटतं.

पहिल्या नंबरला मी दोन बहिणींच्या पिठाच्या गिरणीवरचा एक दाक्षिणात्य सिनेमा ठेवला. भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण आता पडद्याखाली सगळं लिहून येतं, अण्णा. कोण काय म्हणालं, दार वाजलं, लांब कुत्रं भुंकलं, सगळं. तेव्हा तुमची फार आठवण झाली. भोसरीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात, बावीस वर्षं काढून तुमचे दोन्ही कान गेले होते, आणि तरी दर रविवारी तुम्हाला पिक्चरला जायचं असायचं. दुसरा माझा आवडता, ट्रॅफिकच्या हवालदारीणबाईचा. निराशेत पहिला तो मोठ्या नटाचा युद्धपट, ज्यात सगळे तीन तास ओरडतात. दुसरा भुताचा, ज्याचं भूत तिसऱ्या भागात विनोदी झालंय. आणि तिसरा एका लिफ्टमनवरचा छोटा मराठी सिनेमा. त्याच्याबद्दल मी लिहिलं, "दोन तासांत काही घडत नाही, आणि जे घडत नाही ते फार सावकाश घडत नाही." हे वाक्य लोकांना भयंकर आवडलं. बसमध्ये दोघांनी ते पाठ म्हणून दाखवलं.

तो सिनेमा मी बघितलाच नव्हता. म्हणजे कुणीतरी पाठवलेली चोरटी प्रत बसमध्ये फोनवर लावली होती, पण बोटाने पुढे ढकलत, मधे एका झोपेसकट. चाकण यायच्या आत संपवला.

यादी लागल्यावर दोन दिवसांनी एका बाईंनी खाली विचारलं, "सर, शेवटी तो लिफ्टमन त्या नर्सच्या हातात काय ठेवतो? माझ्यापुढे एक उंच माणूस बसला होता, मला दिसलंच नाही. तुम्ही सांगाल का?" शनिवार होता, मी कँटीनमध्ये जेवत होतो. हातात घास, समोर मित्र. मी लिहिलं, "किल्ली." का किल्ली, मला अजून माहीत नाही. काहीतरी ठेवायचं तर किल्ली ठेवतात. बाईंचं लगेच उत्तर आलं, "धन्यवाद सर, आता शेवट कळला." आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला, कारण हे मी आयुष्यात दुसऱ्यांदा करत होतो.

मला अजून दिसतं, थेटरात तुम्ही मला डाव्या बाजूला बसवता. तुमचा डावा कान जरा तरी बरा आहे म्हणून. पडद्यावर कुणी बोललं की तुमचा हात माझ्या गुडघ्यावर पडतो, "काय म्हनला?" आणि मी तुमच्या कानाला तोंड लावून सांगतो. मागचे लोक चिडतात, पण तुम्हाला ते ऐकू येत नाहीत, ते मलाच ऐकू येतात. तुम्ही एकदा कानाचं मशीनही घेतलं होतं. दोन रविवार लावलं आणि डबीत ठेवून दिलं, म्हणालात, "ह्याच्यात टाळ्या अन् गोळ्या सारख्याच वाजतेत." मशीनपेक्षा माझा तुम्हाला भरवसा. मी कंटाळलो की म्हणायचो, "काही नाही, असंच बोलतायत." तेव्हा एकदा तुम्ही मध्यंतरात माझा दंड धरून म्हणालात, "आसंच कसं? येवढं तोंड वाकडं करून मानूस आसंच बोलतो व्हय? ऐकलं नसलं तर ऐकलं न्हाई म्हन. मला राग न्हाई येत." माझ्या आयुष्यात तुम्ही मला एवढंच काय ते रागावलात.

त्यानंतर महिन्याभरातच तो दोन भावांचा पिक्चर आला. मी तेरा वर्षांचा होतो. पाच वाजता आमच्या गल्लीची फायनल होती आणि माझं सगळं लक्ष घड्याळावर. पिक्चर संपत आला, थोरला भाऊ धाकट्यापुढे उभा राहून काहीतरी लांबलचक बोलला. तुमचा हात गुडघ्यावर पडला. मी ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "मी तुला माफ केलं, म्हणाला." तुम्ही पडद्याकडं बघत राहिलात. "माफ केलं? मग तोंड आसं का त्येचं?" "आनंदानं रडतोय," मी म्हणालो. तुम्ही मान हलवलीत. बाहेर येऊन मला चणे घेऊन दिलेत आणि म्हणालात, "जा, पळ, तुझी म्याच हाय." मी पळालो. आम्ही ती मॅच हरलो.

पुढचं मला तुम्ही कधी सांगितलं नाही. ते मी तुमच्या तेराव्याला ऐकलं. तुमच्या शिफ्टचे एक काका जेवणाच्या पंगतीत सांगत होते. त्या सोमवारी चहाच्या सुट्टीत तुम्ही सगळ्यांना तो पिक्चर सांगितलात, हातवारे करून, आणि शेवटी थोरला माफ करतो म्हणालात. तर सगळे हसले, कारण थोरला म्हणतो, पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकलंस तर मी मेलो असं समज. तुम्ही म्हणालात, माझ्या पोरानं सांगितलंय, पोरगं चुकीचं सांगणार नाही. मग ते जास्तच हसले. पुढे कितीतरी दिवस शॉपमध्ये कुणाचा माल रिजेक्ट झाला की लोक तुमच्यासमोर येऊन, तुम्हाला ओठ वाचता यावेत म्हणून तोंड मोठं करून म्हणायचे, "जा, माफ केलं!" काका हे प्रेमानं सांगत होते. पंगत हसली. मीही हसलो, अण्णा. तुमच्या फोटोला घातलेल्या हारापासून चार हातांवर बसून हसलो.

आणि तुम्ही पुढच्या रविवारी मला पुन्हा घेऊन गेलात. पुन्हा डाव्या बाजूला बसवलंत. तुम्हाला सगळं कळलेलं होतं, तरी विचारलंत, "काय म्हनला?" त्या दिवशी मी एकही वाक्य सोडलं नसेल असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. खरं तर मला त्या रविवारचं काहीच आठवत नाही.

त्या बाईंना किल्ली सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि चिंचवडला दुपारच्या खेळाला गेलो. त्या लिफ्टमनच्या सिनेमाचा शेवटचा आठवडा होता, सगळे मिळून नऊ माणसं. फोन बंद केला. सुरुवातीला जड गेलं. नंतर त्या लिफ्टमनचं नुसतं स्टुलावर बसणं बघताना वाटलं, हा तुम्हाला माझ्याशिवाय कळला असता. बोलणं असं नाहीच त्यात, सगळं चेहऱ्यांवर आहे. शेवटी तो नर्सच्या हातात काहीच ठेवत नाही. तिची उघडी मूठ तो फक्त आपल्या हातांनी मिटवतो आणि लिफ्टचं दार लावतो. मी दिवे लागल्यावरही बसून राहिलो. झाडणारे मामा म्हणाले, "साहेब, संपला."

मी बाईंना लिहिलं की किल्ली नव्हती, मी बघितलंच नव्हतं. त्यांनी लिहिलं, "अरेरे. मी घरी सगळ्यांना किल्ली सांगितली." बस, एवढंच. मग मी यादी बदलली. निराशेतून तो सिनेमा काढला, आवडत्यांत घातला आणि वर लिहिलं की न बघता लिहिलं होतं, माफ करा. तर लोकांनी त्याचीही वाहवा केली. सर, आजकाल एवढा प्रामाणिकपणा कुठं बघायला मिळतो. बसमध्ये टाळ्या वाजवल्या.

दोन भावांचा पिक्चर मात्र मी कुणाला सांगितलेला नाही. बायकोलाही नाही. हे पत्र मी त्या यादीखाली लावायचं म्हणूनच लिहायला घेतलं होतं. आता लावणार नाही. लावलं तर लोक याचंही कौतुक करतील, आणि ते मला आवडेल, अण्णा.