शिस्तीचे दहा गुण

कन्नड, ५ जानेवारी १९५८

चि. कारभारी यास अनेक आशीर्वाद.

इकडे सारे खुशाल. तुझी वहिनी म्हणते, भावजी भाषणं ठोकता ठोकता जेवायचं विसरतात. चार दिवस इथं येऊन खा. निमित्तही आहे. आमच्या हायस्कुलाच्या बक्षीस समारंभाला पाहुणा तूच हवास, हा माझा, हेडमास्तराचा, हट्ट समज. ‘आदर्श विद्यार्थी’ची ढाल शाळेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांच्या नातवाला जाईल. गुणांत महारवाड्यातल्या फकिराची भागू पहिली होती, पण तिचे शिस्तीचे दहा गुण मी कापले. शिपाई वरून पाणी ओतेपर्यंत तिला दम निघेना. स्वतःच माठात पेला बुडवला. ट्रेनिंग कॉलेजची शिफारस ढालीबरोबरच जाते. पोरीचं मास्तरीण होणं राहिलं खरं. असो. माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
आप्पा

औरंगाबाद, ९ जानेवारी

ती. आप्पांस शि. सा. नमस्कार.

पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं. तहानलेल्या पोरीनं पाणी घेतलं, ही बेशिस्त? निजामाच्या तुरुंगात तापानं फणफणलात, तेव्हा सोबत कैदेत असलेल्या या फकिराच्याच हातचं पाणी प्यालात. तेव्हा तुमचे गुण कुणी कापले? निजामी गेली, अस्पृश्यताबंदीचा कायदा झाला, आणि तुमचा माठ आहे तिथंच! शी! ते रजिस्टर चिमट्यानं उचलावं असं घाण झालंय. दुरुस्त करा, तरच येतो. ढाल भागूच्या हाती देईन आणि माठाबद्दल गावासमोर बोलेन. वहिनींना म्हणावं, पुरण तोवर शिजवू नका. राग माझा, आशीर्वाद तुमचा. दोन्ही असू द्या.

आपला,
कारभारी

कन्नड, २८ जानेवारी

चि. कारभारी यास आशीर्वाद.

गुण परत दिले, शिफारस पोस्टात पडली. भागू शिकायला जाईल. हे तुझ्यामुळं झालं, नाकारत नाही. भाषणही लई गाजलं. तासभर माठावर बोललास, तीनदा पाणी प्यालास. भागू ढाल धरून उन्हात उभी होती. कार्यक्रम सरताच तिनं पाणी मागितलं. शिपायानं सवयीनं लोटा आणला, वरून धार धरली. तुझ्यापासून चार हातांवर. तू हार घालून घेत होतास. तू पाहिलंस, आणि मग माझ्याकडं पाहिलंस. शिपायाला ना मी थांबवलं, ना तू. पोरीनं ओंजळ धरलीच नाही. धार मातीत पडू दिली आणि तशीच घरी गेली.

माझी मला किळस येते. तुझीही येते, म्हणून लिहिलं. उत्तर नको, ये. दोघं फकिराच्या दारी जाऊन पाणी मागू. भागू देईल का, ठाऊक नाही.

तुझाच,
आप्पा