आईला विकलं नाही, याविषयी

ती. साळूताईस,

पनवेलहून गोरखचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल, दाजींची होडी रंगवून पाण्यात गेली असेल आणि तिकडे मोऱ्याला घरी सगळे खुशाल असतील असं मी धरून चालतो. धरूनच चालावं लागतं, कारण तू फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलं आहेस (माझ्या बायकोला, माधुरीला, केलेलं नाहीस, हे तिने मला मुद्दाम दाखवलं). म्हणून हे पत्र. मी आईला ऑनलाइन विकलं असं तुझ्या कानावर आलं आहे. ते साफ खोटं आहे. ऑर्डर आली होती एवढंच खरं. आई गेली ती आपल्या पायांनी गेली. म्हणजे रिक्षाने गेली, आणि रिक्षात शेजारी मी होतो.

झालं असं की आपल्या मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट होती, पण तिच्यावर नुसते फोटो आणि फोन नंबर. लोक फोटो बघायचे, खूश व्हायचे आणि खाली नाक्यावरून मसाला घेऊन घरी जायचे. धंद्यात माणसाने काळाच्या पुढे राहायला पाहिजे, हे मी बाबांच्या वेळेपासून सांगत आलो आहे (तेव्हा मला कोणी विचारत नव्हतं ही गोष्ट वेगळी). म्हणून मी दुकानाच्या वरच्या माळ्यावर ऑफिस असलेल्या परेशला गाठलं आणि साइटवर शॉपिंग कार्ट बसवायला सांगितलं. गिऱ्हाइकाने फोटोखालचं बटण दाबायचं, वस्तू कार्टात, पैसे खात्यात. परेश माणूस सरळ आहे, पण प्रश्न फार विचारतो. “गोरखभाई, बटण कुठल्या कुठल्या फोटोखाली टाकू?” मी म्हटलं, “सगळ्या. एकही फोटो सोडू नको.” मग थोड्या वेळाने त्याने विचारलं, “ह्या एका फोटोला किंमतच नाहीये, काय लावू?” मी तेव्हा मिरचीच्या व्यापाऱ्याशी फोनवर भांडत होतो. हातानेच खूण केली, पाव किलोची लाव.

तो फोटो आईचा होता. हिरव्या लुगड्यातला, मुसळ हातात घेतलेला. त्यामुळे साइटवर जे दिसलं ते असं: वेणूआई, पाव किलो, घरगुती, भेसळ नाही. खाली तीन पर्याय, कमी तिखट, मध्यम, जास्त तिखट.

उद्घाटनाला मी कॉम्प्युटरसमोर नारळ फोडला (पाणी कीबोर्डात गेलं, ते किरकोळ). सगळे उभे असतानाच टिंग वाजलं आणि पहिली ऑर्डर आली! टाळ्या झाल्या, मी पेढे वाटले. मग माधुरीने मोठ्याने वाचून दाखवलं. हळद एक, आंब्याचं लोणचं एक, वेणूआई एक, जास्त तिखट. पत्ता खारघरचा, ओवे गावाकडच्या नव्या टॉवरमधला. परेश पांढरा पडला. म्हणाला, आत्ता कॅन्सल करतो, पैसे परत पाठवतो. पण आई मागेच उभी होती.

“पैसं घेतलस ना?” ती म्हणाली.

“आई, ती चूक झाली.”

“पैसं घेतलस, पेढं वाटलस, आन आता नाय म्हनतस? तुजे बापानं कंदी असा धंदा केला नाय.” आणि आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी भरून बाहेर आली. पिशवी जरा जास्तच भरलेली होती. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मला वाटलं मसाले असतील.

घेणाऱ्या बाईंचं नाव रोहिणी प्रधान. बँकेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्याच. दार उघडल्यावर एक नजर लोणच्याकडे, एक आईकडे. म्हणाल्या, “अहो, साइट खोटी आहे का बघायला मी दाबलं होतं!” मी त्यांना ठामपणे सांगितलं की आमच्याकडे सगळा माल खरा असतो. मग चहा झाला. आईने त्यांचं स्वयंपाकघर बघितलं, मसाल्याचा डबा हुंगला आणि सरळ केराच्या बादलीशेजारी नेऊन ठेवला. बाई हसायला लागल्या. मग आईही. मी बाबांच्या नंतर तिला असं हसताना बघितलं नव्हतं. अर्ध्या तासाने मी उठलो, म्हटलं चल आई. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. “तू जा,” ती म्हणाली, “मी पोचले.”

त्याला आता आठवडा होऊन गेला. मी परवा फोन केला, तर बाई म्हणाल्या, “तुमच्याच साइटवर लिहिलंय, उघडलेला माल परत घेतला जाणार नाही.” मागून दोघींचं हसणं ऐकू आलं. आई त्यांना सुकटीची चटणी शिकवते आणि त्या आईला मोबाइल. दुपारी पत्ते खेळतात. आईला पत्ते येतात, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं.

तेव्हा काळजीचं काहीच कारण नाही. कार्ट जोरात चालू आहे, आईच्या फोटोखालचं बटण काढलं आहे (त्याआधी आणखी दोन ऑर्डरी आल्या, एक नाशिकची), मसाला मी आणि माधुरी मिळून करतो आणि तो जवळजवळ तसाच होतो. गावात कोणी विचारलं तर भावाने धंदा वाढवला एवढंच सांग. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गोरख

ता. क. मसाला तसा होत नाही. दोन गिऱ्हाइकांनी कळवलं. पण मी त्यासाठी लिहीत नाहीये.

ता. क. दुसरा. माधुरी म्हणते खरं लिही. आई जायच्या आदल्या दिवशी तिला म्हणाली होती, “ह्या घरात मला येकच इचारतात, मसाला झाला का.” विचारणारा मीच. मी दोनदा त्या टॉवरच्या गेटपर्यंत जाऊन परत आलो. वॉचमन आता ओळखतो. तर येत्या रविवारी तू पनवेलला येशील का? एस.टी. स्टँडवर मी घ्यायला येतो, दोघं मिळून जाऊ. तिला घरी चल असं म्हणायचं नाही, नुसतं बसायचं. बोलणं मी करीन. मला जमलं नाही तर तू कर.

ता. क. तिसरा. मला बाजूला ठेवून ती तुला पहिलं विचारेल, गोरख नीट जेवतो का. हो म्हण. तिने माझ्याकडे बघितलं तर मात्र खोटं लपणार नाही.