पाठीवरची माती

नागापूर,
१२ डिसेंबर १९७०

तीर्थरूप सहादेवमामांच्या पायांशी भाचा श्रीमंतचा नमस्कार. एकाच हाताने केला आहे, गोड मानून घ्यावा. अक्षर पुष्पावतीचं आहे. मी सांगतो, ती लिहिते (आणि मधेच हात थांबवून माझ्याकडे बघत बसते). राजुरात थंडी कडक पडली असेल. तुमचा गुडघा कसा आहे ते मामीला विचारीन, तुम्ही खरं सांगणार नाही.

तुम्हाला आठवत असेल, तुमच्या तालमीत सकाळी कुस्ती असायची आणि संध्याकाळी लाठी, आणि संध्याकाळी मी हटकून गायब व्हायचो. लाठीला ना फेटा, ना नारळ, ना हलगी. कोण बघतंय म्हणून फिरवायची? तुम्ही एकदाच म्हणालात, "कुस्तीत समोरचा आपला जोडीदार अस्तो, श्रीमंता. लाठीत समोरचा कोन हाय ते म्हाईत नस्तं." मी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

तर गेल्या मंगळवारी भर दुपारी एक इसम आमच्या कारखान्यातून तांब्याच्या तारेचं भेंडोळं घेऊन भिंतीकडे निघालेला सापडला. (मी इथे राखणदार आहे, तोही छाती बघून ठेवलेला.) मी शड्डू ठोकला. तो थांबला; चोराला कोणी शड्डू ठोकून अडवतं हे त्याला नवीन असावं. मी सलामीला हात पुढे केला, त्यानेही गोंधळून दिला. मग मामा, तुम्ही शिकवलेला ढाक डाव असा बसला की त्याचे दोन्ही खांदे जमिनीला. आखाडा असता तर लोक उठून उभे राहिले असते. पाठ टेकली, कुस्ती संपली. मी त्याला सोडलं, हात देऊन उठवलं आणि सोळा वर्षांच्या सवयीने त्याच्या पाठीवरची माती झाडू लागलो. (तो "राहू द्या" म्हणाला असं मला अजून वाटतं, पुष्पावतीला पटत नाही.) भिंतीला टेकवलेली पहार त्याने उचलली, ती मला दिसली. खरं सांगतो, दिसली. पण चीत झालेला माणूस पुन्हा मारतो हे माझ्या हातापायांना ठाऊकच नव्हतं. पहार उजव्या खांद्यावर बसली.

तेवढ्यात ही भाकरी घेऊन आली. हिने ना शड्डू ठोकला ना सलामी दिली. पितळी डबा त्याच्या नाकावर घातला, आणि तो खाली बसल्यावर पुन्हा घातला. तार राहिली, चोर पळाला, कालवण सांडलं. मला म्हणाली, "फेटा बी बांधनार हुता काय त्याला?" मालक म्हणतात, राखणीला आता हिलाच ठेवतो. मी पुष्कळ हसलो.

बाकी काळजी नसावी. हाड बसवलं आहे, सूज उतरते आहे. कानिफनाथशी कुस्ती व्हावी म्हणून मी तीन वर्षं थांबलो, ती आता पौषात कोल्हारच्या यात्रेत ठरली आहे. तुम्ही यायचं आणि अगदी पुढे बसायचं.

आपला भाचा,
श्रीमंत

ता. क. : मला जमणार नाही, दुसरा जोडीदार बघ, असा निरोप कानिफनाथला कालच धाडला. वरचं खोडू नकोस असं मी पुष्पावतीला सांगितलं आहे. कागदावर तरी ती कुस्ती राहू द्या.

आणखी एक ता. क. : मामा, हे मी पुष्पावती माझ्या मनाने लिहिते आहे. ते बाहेर गेलेत, पाकीट मीच डकवणार. हात खांद्याच्या वर कधी जाणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तरी रोज सकाळी लंगोट बांधायचाच असतो. गाठ मी मारून देते, मग ते तसेच भिंतीला टेकून बसतात. पुष्कळ हसलो असं त्यांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं. मंगळवारपासून ते हसलेले नाहीत. तुम्ही या, आणि येताना लाठी आणा. ती डाव्या हाताने येते का, मला माहीत नाही. येत नसली तरी येते म्हणा.