सगळ्यांचं उत्तर ९.८

४ ऑगस्ट
नव्या प्राचार्यबाईंचं फर्मान. सेकंड इयरच्या मुलांनी प्रोजेक्टचा प्रश्न स्वतः शोधायचा, स्वतःच मोजायचं. आम्ही फक्त 'गाइड' करायचं. एकवीस वर्षं ही फिजिक्स लॅब चालवतोय. मुलांना प्रश्न पडू नयेत अशी चोख व्यवस्था लावून ठेवली आहे. पण बाई पडल्या केमिस्ट्रीच्या.
निश्चय : वीस भारदस्त प्रश्न मीच काढून देणार. रविवारपर्यंत.

६ ऑगस्ट
मुलांचे प्रश्न आले. डोकं धरून बसलो. चहात बिस्किट किती सेकंदांत मोडतं. सायकलच्या चाकात हवा कमी असली तर ब्रेक दाबल्यावर ती किती पुढे जाते. वजन टांगलेला रबरबँड गरम केला तर लांबतो की आखडतो. लांबतो! यात विचारायचं काय?
पहिल्या बाकावर एक मुलगी आहे. मी तिला शंकासूर म्हणतो. तिचा प्रश्न : लंबकाने गुरुत्वाकर्षण मोजायच्या प्रयोगात आपल्या लॅबमध्ये सगळ्यांचं उत्तर ९.८ च कसं येतं? म्हणालो, कारण पृथ्वी एकच आहे. वर्ग हसला. ती हसली नाही. तिने ते लिहून घेतलं.

१० ऑगस्ट
रविवार काल झाला. वीसपैकी एक प्रश्न तयार. तोही मॅन्युअलमधला निघाला.

११ ऑगस्ट
शंकासुराला जुनी जर्नल्स हवीत. कपाटाची किल्ली खुशाल देऊन टाकली. धुळीत दोन दिवस शिंकली की संशोधन उतरेल.

१३ ऑगस्ट
रबरबँड आखडला. मुलांनी मुद्दाम केलं असणार.

१९ ऑगस्ट
शिंकली नाही. वर म्हणते, लॅबचं स्टॉपवॉच मिनिटाला दीड सेकंद मागे पडतं. त्यावर इमानदारीने मोजलं तर उत्तर १०.३ यायला हवं. म्हणालो, तुझा मोबाइल पुढे पळत असेल. तेवढ्यात लॅब असिस्टंटने तोंड घातलं. म्हणे, सर, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हा म्हणजे केव्हा? चौदा वर्षांपूर्वी, ते खाली पडलं तेव्हा. कुणाच्या हातून पडलं ते बोलला नाही. माणूस तसा सभ्य आहे.

२० ऑगस्ट, रात्री १०
स्वतः मोजलं. १०.३. पंख्याचा वारा. पंखा बंद केला. १०.३. दोरा बदलला. १०.३१. आज प्रकृती बरी नव्हती.
जेवताना बायकोला सहज सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही स्वतः कधी मोजलंच नव्हतं? ती बँकेत आहे. तिला फिजिक्समधलं काय कळतं?

२ सप्टेंबर
शंकासुराला समजावलं, बिस्किटाच्या ग्रुपमध्ये ये, गोड विषय आहे. नको म्हणाली. तिने चौदा वर्षांची तीनशे बारा जर्नल्स तपासलीत. आमच्या स्टॉपवॉचचा काटा सेकंदाचा पाचवा भाग दाखवतो, त्याहून बारीक नाही. जर्नलांत मात्र सेकंदाचे शंभरावे भाग लिहिलेत. म्हणजे पोरांनी आधी उत्तर लिहिलं आणि मग त्यावरून वेळ काढली. तीनशे बारा जणांनी!
विचारलं, हे त्यांना शिकवलं कुणी? ती म्हणाली, सर, ज्यांचं ९.८ आलं नाही त्यांना तुम्ही लाल पेनाने 'रिपीट' दिलाय. एकाने तीनदा १०.३ आणलं, चौथ्यांदा ९.८. पुढच्या वर्षी त्याने फिजिक्स सोडलं.
सोडणारे सोडतात. माझा काय संबंध?

३ सप्टेंबर
नाव आठवत नाही त्याचं. अक्षर छान होतं.

९ सप्टेंबर
प्राचार्यबाईंना भेटून हा प्रोजेक्ट 'सिलॅबसबाहेरचा' ठरवायचा, असं ठरवून गेलो. बाईंनी माझं बोलणं सुरू होण्याआधीच अभिनंदन केलं. असा विषय मुलीला सुचायला सर तसेच लागतात, म्हणाल्या. चहा घेऊन आलो.

१५ सप्टेंबर
उद्या प्रेझेंटेशन. शंकासूर लॅबमध्ये आली, दार लोटून घेतलं आणि एक जर्नल टेबलावर ठेवलं. पिवळी पानं. कपाटात अगदी तळाशी होतं म्हणे. मुखपृष्ठावर माझं नाव.
मी याच कॉलेजचा विद्यार्थी. उत्तर ९.८१. तेव्हा हेच स्टॉपवॉच धड होतं. मग वेळेच्या रकान्यात सेकंदाचे शंभरावे भाग कसे? एकूण एक ओळीत.
म्हणालो, माझी नजर फार तीक्ष्ण होती. ती म्हणाली, हो सर. हे मोजणीत धरलेलं नाही. तुमच्याकडेच राहू दे.
कुणी बघायच्या आत ड्रॉवरमध्ये टाकलं. मग कुलूप लावलं. तिने नुसतं 'हो सर' म्हणायला नको होतं. वाद घातला असता तर मी जिंकलो असतो.

१६ सप्टेंबर
तिला पहिला नंबर. बाहेरून आलेला एक्स्टर्नल परीक्षक उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला दोन शब्द बोलायला लावलं. म्हणालो, आमच्या लॅबमध्ये अशा प्रश्नांना पहिल्यापासून उत्तेजन आहे. लॅब असिस्टंटला एकदम खोकला आला.
ती मुलगी हुशार आहे. कबूल. घडवली मीच.

१७ सप्टेंबर, संध्याकाळी ५
नवीन डिजिटल स्टॉपवॉच आलं. सगळे गेल्यावर लंबक टांगला. निश्चय : जे येईल ते लिहायचं.
पहिल्यांदा ९.४. हेलकावे वीस मोजले की एकोणीस, खात्री नाही. दुसऱ्यांदा १०.१. तिसऱ्यांदा बटण उशिरा दाबलं गेलं. चौथ्यांदा ९.५. एका मीटरच्या दोऱ्याला गोळा बांधून वीसपर्यंत मोजायचं, यापलीकडे काही नाही त्यात.
असिस्टंट कुलूप घेऊन दारात उभा. विचारलं, सर, किती आलं?
९.८, म्हणालो.
बरं सर, म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता त्याने एकेक दिवा बंद करायला घेतला.