बिटाची शाई आणि आत्याचं घर

मी खाली सही करणार, पेशाने दातांचा डॉक्टर, आता निवृत्त, आणि छंदाने शाई, वह्या व टेबलावरच्या नाना वस्तू घरीच करणारा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल धाकट्या बहिणीला शंका आहे, म्हणून फॅमिली डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रद्द करायचे कष्ट मला पडले नाहीत. घरी केलेल्या कागदावर, घरीच उकळलेल्या बिटाच्या शाईने ते लिहिले होते आणि फार देखणे दिसते म्हणून खिडकीजवळच्या टेबलावर, काचेखाली ठेवले होते. परवा पाहतो तर उन्हाने सगळा मजकूर उडालेला! उरल्या फक्त साक्षीदारांच्या सह्या, कारण त्यांनी खिशातली बॉलपेने वापरली होती. दोन भले गृहस्थ कोऱ्या कागदाचे साक्षीदार आहेत हे पाहून मला घाम फुटला. का, ते पुढच्या कलमात.

२. राहते घर माझ्या धाकट्या बहिणीला मिळावे. माझा दवाखाना चालला तो तिच्यामुळे. रडणाऱ्या पोरांना ती गप्प करी आणि पळू पाहणाऱ्या मोठ्यांना दारात अडवी. घर मात्र कागदोपत्री माझ्या एकट्याचे. मागे चिरंजीव आले होते तेव्हा म्हणाले, "बाबा, पुढेमागे हे घर विकून टाकू. आत्याची करू कुठेतरी सोय." मी त्या 'कुठेतरी'चा पत्ता विचारला, तर त्यांनी विषय बदलला. चिरंजीव वाईट नाहीत, घाईत असतात. बँकेत जे असेल ते त्यांचे. घरी त्यांनी पाहुणे म्हणून यावे, आत्या चहा देईलच.

३. लिहायचे उतरते टेबल मी दवाखान्याच्या जुन्या दारापासून केले. उतार अंमळ जास्त झाला, त्यामुळे पेने घरंगळून बहिणीच्या मांडीवर पडतात. उतार कमी करायला पायांखाली लाकडाची चकती सरकवायची परवानगी मी तिला हट्टाने दिली नव्हती. ती आता देत आहे. टेबल खिडकीपासून हलवू नये, ती तिथे शब्दकोडी सोडवते.

४. दात साफ करायच्या मेणाच्या दोऱ्याने शिवलेल्या वह्या नातीला. त्यांना पुदिन्याचा वास येतो आणि तिला तो आवडतो. वह्या-पुस्तके बांधणाऱ्या आमच्या बाईंडरला एकही देऊ नये. एक तर तो साक्षीदार आहे, साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात, आणि दुसरे म्हणजे माझी शिवण पाहून त्याने विचारले होते, "डॉक्टर, वही शिवलीय की हिरडी?"

५. पेने ठेवायचा प्लास्टरचा जबडा समोरच्या शिंप्याला परत करावा. तो त्याच्याच तोंडाचा साचा आहे. पुढच्या पडलेल्या दातांच्या जागी दोन पेने अशी चपखल बसतात की मला मोह आवरला नाही. "अहो, माझं तोंड तुमच्या टेबलावर उघडं टाकलंय, लोक काय म्हणतील?" असे तो दर वेळी म्हणतो आणि त्यातलेच पेन घेऊन मापे लिहितो.

६. आता पेनाविषयी. बहिणीच्या बॉलपेनाची मी आयुष्यभर टर उडवली. "दादा, बीट कशाला वाया घालवतोस? माझं पेन घे की," असे ती म्हणे आणि मी नाक मुरडी. हे मृत्युपत्र मी पहिल्या अक्षरापासून त्याच पेनाने, न विचारता उचलून, लिहिले आहे. तिच्या डोक्यावरचे छप्पर मी माझ्या शाईच्या भरवशावर पुन्हा सोडणार नाही. माझा तिच्यावर फार जीव आहे. तोंडावर सांगितले तर ती माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहील, म्हणून इथे लिहिले.

आत्ता ती आतून ओरडते आहे, "दादा, माझं पेन पाहिलंस का?" मी "नाही" म्हणालो आहे. सह्या होताच ते तिला द्यावे. घर मी गेल्यावर मिळेल, पेन तिला आजच हवे आहे.

ठिकाण: खिडकीजवळचे टेबल.
तारीख: ११ मार्च. (खोडरबर कोरून केलेला शिक्का उलटा उमटतो, म्हणून हाताने घातली.)

सही: दातांचा डॉक्टर

साक्षीदार:
फॅमिली डॉक्टर. सही माझ्यासमक्ष झाली.
बाईंडर. माझ्याही समक्ष झाली. या खेपेला मजकूर दिसतो आहे.