आवाज पुन्हा वाकडा करण्याविषयी

ती. आत्यास,

नमस्कार. गुडघा कसा आहे? दुकानात उभी राहून इस्त्री करू नकोस, स्टूल घे, असं आईने लिहायला सांगितलंय. तू ऐकणार नाहीस हेही तिनेच सांगितलंय, म्हणून दोन्ही लिहिते. आमच्याकडे सगळे बरे आहेत. ‘बरे’ हा शब्द ढोबळ मानाने घ्यावा. तू आमचे फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. घडलं ते असं:

१. बाबांनी तुझा आवाज सरळ केला.
२. तू रागावून निघून गेलीस. जाताना आईच्या चपला घातल्यास.
३. बाबा आता तो आवाज पुन्हा वाकडा करत आहेत.
४. फ्रीजचा या सगळ्याशी संबंध आहे.

आता सविस्तर. निवृत्तीनंतर बाबांनी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं, तेव्हा आम्हाला वाटलं चार दिवसांची हौस आहे. पण ज्याने उभा जन्म लिफ्टच्या मोटरला कान लावून ‘बेअरिंग गेलंय’ असं सांगण्यात काढला, त्याच्या हाती आवाज कापायचं आणि जोडायचं यंत्र पडलं की काय होईल, हे निदान मला कळायला हवं होतं. (मी ध्वनिमापक तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, हे घरात कुणालाही विचारात घेण्यासारखं वाटत नाही.) मधल्या खोलीत आता कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि एक छोटा कीबोर्ड आहे. कीबोर्डला स्वतःचा आवाज नाही. तो कॉम्प्युटरमधल्या सिंथमधून, म्हणजे वाद्यांचे आवाज बनवणाऱ्या प्रोग्राममधून येतो, हवा तो. बाबांना व्हायोलिनांचा ताफा हवा असतो. ते एक पट्टी दाबतात, तिच्यावर चष्म्याची डबी ठेवतात आणि चहा प्यायला जातात. आई म्हणते, शेजाऱ्यांना वाटतं आपल्याकडे कुणीतरी गेलं.

तुझ्या साठीला गाणं द्यायची कल्पना त्यांचीच. तू इस्त्री करताना गुणगुणतेस ते, तूच रचलेलं. मध्ये एकदा ते एकच शर्ट घेऊन तुझ्या दुकानात आले आणि उगाच रेंगाळले, आठवतं? खिशात रेकॉर्डर होता. वाफेचा फुस्कारा, हँगरची किणकिण, पाणी मारायच्या बाटलीची चिकचिक, हे सगळं त्यांनी सॅम्पलरमध्ये भरलं आणि एकेका पट्टीवर एकेक आवाज बसवला. त्या गाण्याचा ठेका म्हणजे तुझं दुकान आहे, आत्या. हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू दुसऱ्या ओळीलाच उठलीस.

तुझा आवाज मात्र रीतसर तुला सांगून घेतला होता. कपड्यांच्या कपाटात, कोटांच्या मधोमध तुला उभं केलं (कापड आवाजाचा घुमारा खातं, हे शास्त्र आहे, अपमान नव्हे), पंखे बंद केले, आणि तू एका दमात गायलीस. पडद्यावर गायलेला प्रत्येक स्वर एक गोळा होऊन दिसतो. नेमका लागला तर रेघेवर, नाहीतर खाली-वर. तुझे बरेचसे गोळे रेघेच्या किंचित खाली होते. बाबा म्हणाले, “बघ! चाळीस वर्षं सांगतोय ताईला.” यात दुष्टावा नव्हता, अशी माझी नोंद आहे. लिफ्ट मजल्याच्या बोटभर खाली थांबली तर माणूस अडखळतो, म्हणून ती वर घ्यायची, एवढंच त्यांना येतं. त्यांनी तुझा एकेक गोळा उचलून मजल्याला लावला. मग त्याच नावाने सेव्ह केलं आणि मूळ आवाज कचऱ्याच्या डब्यातूनही पुसून टाकला, कारण कचरा साठवू नये.

पुढचं तुला माहीत आहे. पण तू केकची सुरी हातात धरून ऐकत होतीस तेव्हा बाबांचं तोंड कसं होतं ते तू पाहिलं नाहीस. पहिल्यांदा शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलासारखं होतं. तू विचारलंस, “ही बाई कोण?” ते हसून म्हणाले, “अगं, तूच!” आणि तू म्हणालीस, “मी? मी इतकी गुळगुळीत कधी गायले? छान गाते हो बाई. पुढच्या वेळी हिलाच बोलाव, केकही हिलाच भरव.” मग चपला.

पहिले काही दिवस बाबा म्हणत होते, येईल, ताईचा राग म्हणजे दुधाचं उतू जाणं. दूध खाली बसलं नाही. तेव्हा ते कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले आणि वर घेतलेले गोळे एकेक करून खाली आणू लागले. आठवणीवरून. मी विचारलं, कुठला किती खाली, हे कसं ठरवता? पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “इथे ती इस्त्री उचलते. तिथे दम अर्धा जातो.” मी म्हटलं, कपाटात इस्त्री नव्हती. म्हणाले, “ते तिच्या हाताला कुठे माहीत होतं?” (आई स्वयंपाकघरातून म्हणाली, बायकोचा आवाज कधी इतका लक्ष देऊन ऐकला नाही. तेही खरं आहे.)

गाणं आता जवळजवळ पुरं झालंय. अडलंय शेवटच्या शब्दावर. दुकानात तू तो शब्द कधीच पुरा करत नाहीस, असं बाबांचं म्हणणं; तिथवर येतेस आणि कुणीतरी कपडे घेऊन आत येतं. कपाटात तू तो पुरा केलास. पण त्याच वेळी बाबा स्वयंपाकघरात होते, कारण फ्रीजची घरघर माइकमध्ये येत होती आणि आई तो बंद करू देत नव्हती. त्यामुळे आयुष्यात एकदाच गायलेला तो स्वर त्यांनी ऐकलाच नाही. नंतर पाहिला तो फक्त गोळा, आणि तो तर लगेच मजल्याला लावला. आता गाणं तिथे येऊन थांबतं. तुझा आवाज संपतो, ठेका संपतो, आणि व्हायोलिनं नुसती सूर धरून बसतात. बाबाही. दुकानात जाऊन तुला विचारा म्हटलं तर म्हणतात, कुठल्या तोंडाने?

बाकी ठीक. गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता. क. १. तुझ्या चपला आईला चावतात. तिच्या तुला सैल होत असतील. तुम्ही दोघीही हे कबूल करणार नाही.

ता. क. २. मूळ आवाज पुसला गेलेला नाही. बाबांच्या कॉम्प्युटरची माझ्या डिस्कवर रोज आपोआप प्रत जाते, तिच्यात तो आहे. बाबांना माहीत नाही, आणि कळता कामा नये. मी दोन्ही आवाज शेजारी लावून मोजले. त्यांनी वाकडे केलेले स्वर जवळजवळ जिथल्या तिथे आहेत. आमच्या प्रयोगशाळेत अशा उपकरणाला प्रमाणपत्र मिळतं. फक्त तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला त्यांनी तुला उगाच खाली ओढलंय. तिथे तू अगदी सुरात होतीस. हे त्यांना तोंडावर सांगायचा हक्क तुझा आहे, म्हणून मी गप्प आहे.

ता. क. ३. शेवटचा शब्द मी डिस्कवरून काढून त्यांना देऊ शकते. देणार नाही. तो तू येऊन गावास. कपाटात कोटांच्या मधे जागा केलीय, आत स्टूल ठेवलंय, आणि फ्रीज बंद करायला आई तयार आहे. तू आली नाहीस तर शनिवारी बाबा स्वतः बारीक आवाज काढून तो शब्द गाणार आहेत. तालीम सुरू झाली आहे. येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळव.